चुलीवरचे कवेलू

आमी दोघांनी संगं केलेलं शेवटचं काम म्हणजे घरावरचे कवेलू उतरवले, मातीची जुनी कौलं. मी वर, ती खाली. मी कवेलू काढाचा, वाकून तिच्या हातात द्याचा. तिनं तो फडक्यानं पुसाचा, आंगणात नेऊन थप्पीले लावाचा, अन् पुन्हा येऊन हात वर करून उभं राहाचं. काम नवं नव्हतं. लग्न झालं तवापासून दर साली, धानाच्या रोपाचे पऱ्हे टाकाच्या आधी, आमी घर फेरत आलो. फेरणं म्हणजे फुटलेले कवेलू काढून दुसरे बसवाचे, सरकलेले जागेवर आणाचे, वरचा पाला-कचरा झाडाचा. यंदा येवढंच वेगळं होतं का काढलेला कवेलू वापस वर चढणार नव्हता. पोरानं टिनं आणून टाकली होती. निळी, लांबच्या लांब, आंगणात एकावर एक, अन् वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड.

टिनं तिलेच पाहिजे होती. आमच्या घराच्या मागून जंगल सुरू होते. मोहफुलं पडाले लागली का वानरांची टोळी येते. मोहावरून घरावर, घरावरून चिंचेवर. त्यांच्या बसण्या-उठण्यात कवेलू फुटतात. ती काठी घेऊन आंगणभर धावे अन् त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करे. मंग माया नावानं सुरू. म्हणे, "साऱ्या गावानं टिनं टाकली. आपल्याच घरावर वानराची शाळा भरते."

अन् त्याच बाईनं त्या दिवशी एक एक कवेलू पुसून ठेवला. मले वरून दिसे. काळा पडलेला, शेवाळ खाल्लेला कवेलू, तो पण पुसे.

मी म्हणलं, "अवं, काढून टाकलेले कवेलू पुसतं कायले?"

"तुमी हात चालवा."

"पन काऊन पुसतं ते त सांग."

"वर बसून गोष्टी करत राहाल त इथीच संध्याकाळ व्हईन. द्या इकडं."

सांगितलं नाई. मले अजून माहीत नाई.

दुपारी चाय पेताना तिनं त्या टिनीवर बोटाची गाठ वाजवून पाह्यली. टण्ण झालं. म्हणली, "बरं हाय. पाऊस पडला का येवढं वाजन, का तुमचं घोरनं ऐकू येनार नाई."

उन्हं उतरली तवा मोठं घर सारं उघडं झालं होतं. मागची पडवी राह्यली. पडवी म्हणजे घराच्या मागं खाली उतरलेलं छोटं छप्पर, त्याच्या खाली चूल. पोरानं गॅसची शेगडी घेऊन देल्ली आहे, पण भात तिनं कधी शेगडीवर मांडला नाई. मी पडवीच्या कवेलूले हात घातला त ती म्हणली, "हे राहू द्या आता. भात मांडाचा हाय, वरून कचरा पडन. उद्या सकाळी काढू."

मी उतरलो. विहिरीवर हातपाय धुतले. आलो त ती चुलीपुढं भिंतीले टेकून बसली होती. भात कढत होता. म्हणली, "जरा झाकन काढा, उतू जाईन." मी झाकण काढलं. वाफ तोंडावर आली. मांगं फिरून पाह्यलं त तिची मान कलली होती.

शेजाऱ्यानं गाडी काढली. तालुक्याच्या गावी नेलं. डॉक्टरनं मनगट धरलं, डोळे पाह्यले, अन् मले बाहेर बसाले सांगितलं. मले वाटलं, आता औषध आणाले पाठवन. मी खिशात हात घालून बसलो होतो. मंग समजलं.

तिले घरी आणलं अन् मोठ्या घरात ठेवलं. पोरगा चंद्रपूरले कामाले आहे, तो आला. सकाळी ऊन चढलं त सरळ तिच्या तोंडावर. घरातच होती, पण उघड्यावर. बायांनी चादर धरली. चादर धरून धरून हात दुखले का हात बदलत होत्या. मी वर पाहून राह्यलो होतो. नुसते छपराचे लाकडी फाटे, अन् त्याच्या वर आभाळ. मनात येवढंच आलं, का कालच काऊन काढलं? अन् मंग, कोणी सांगितलं होतं काढाले? तिनंच त सांगितलं होतं. मन इथीच फिरत राह्यलं.

तिची मोठी बहीण चिमूरहून आली, तवा आमी माती देऊन वापस आलो होतो. म्हातारी मायाहून मोठी. बोलण्यात कोणाच्या बापाले भीत नाई. आधी रडली. मंग पदरानं डोळे पुसले अन् वर पाह्यलं.

"जवाई, छप्पर कुठी गेलं?"

"काढलं, बाई. टिनं टाकाची हायेत."

"अन् मायी बहीन बसन कुठी?"

मले पहिल्यानं समजलंच नाई. मंग समजलं. आमच्याकडं म्हणतात, गेलेलं माणूस दहा दिवस घर सोडत नाई. वळचणीले, म्हणजे छपराची जी कोर भिंतीच्या बाहेर उतरते तिथी बसून राह्यते. कोण रडते, कोण जेवते, सारं पाह्यते. दहाव्या दिवशी पिंडाले कावळा शिवला का मंग आपल्या वाटेनं जाते. आता आमच्या घराले छप्परच नाई, त वळचण कुठून येणार? साऱ्या गावात असं कोणाचं झालं नसन, का बायको गेली तवा तिले घरावर बसाले जागाच नव्हती.

म्हातारी घरात फिरली. मागं गेली. पडवी पाह्यली. तिथून आवाज देल्ला, "येवढी कोर हाय ना. इथीच बसन माय मायी. याले कोनी हात लावू नोका."

मी देवभोळा माणूस नाई. पोथी वाचता येत नाई, अन् कोणी वाचली त मले झोप येते. पण त्या दिवसापासून मी येता-जाता पडवीच्या वळचणीकडं पाहाले लागलो. एक खार येत होती. एक दोन चिमण्या. बाकी काई नाई.

पोराची वेगळीच घाई. आभाळ भरून येत होतं. धानाची पोती घरात, तीही उघडी. वर ताडपत्री टाकली होती. तेरवीले पाहुणे येणार. त्यानं मले विचारलं, "बाबा, मिस्तरीले कवा बोलावू?"

मी म्हणलं, "थांब, तुया मायले इचारून सांगतो."

उठलो पण. पडवीपावतर गेलो. चूल थंडी होती. तिथी उभा राह्यलो, मंग वापस आलो अन् जागेवर बसलो. पोरगा मोबाईलमधी पाहाले लागला. त्यात काई पाहून राह्यला होता असं मले वाटत नाई.

त्याच दिवशी म्हातारी मायाजवळ येऊन बसली. "जवाई, दहा दिवस घराले हातोडा लागू द्याचा नाई. आमच्या सासऱ्याच्या वक्ताले आमी खिळा पन ठोकला नव्हता. बराबर हाय ना?"

मी म्हणलं, "बराबर हाय."

थोड्या वेळानं पोरगा. "बाबा, पाऊस आला त धान सडन. मी उद्या मिस्तरीले बोलावतो. बराबर हाय ना?"

मी म्हणलं, "बराबर हाय."

दोन्ही वेळा मले खरंच बरोबर वाटलं होतं. कोणाले फसवाचं नव्हतं. आधी आमच्या घरात असं होतच नव्हतं. कोणी काई विचारलं का मी हो म्हणाचं, अन् ती आतून म्हणे, "नाई, तसं नाई व्हनार." मंग जे होणार ते होई. मायं हो म्हणणं नुसतं बोलणं होतं. आता आतून कोणी बोलत नव्हतं, अन् मायं हो खरं होऊन राह्यलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्तरी आला. संगं त्याचा भाऊ, मोटरसायकलवर, ड्रिल मशीन पोत्यात गुंडाळलेली. म्हातारीनं पाह्यलं, बाज उचलली, मोठ्या घराच्या मधोमध टाकली अन् तिच्यावर बसली.

मिस्तरी म्हणला, "काका, बाईले उठवा. वरून टिन सुटली त पाय कापते."

म्हातारी म्हणली, "पाय माया हाय. तुले काय करा लागते?"

"बाई, मले आनखी दोन गावचं काम हाय."

"मंग त्या गावाले जाय."

पोरगा आला. "मावशी, बाबानंच हो म्हणलं."

"मले बी हो म्हणलं!"

सारे मायाकडं पाहाले लागले. मी चपलेकडं पाह्यलं.

मिस्तरी म्हणला, "काका, तुमी सरपंचाले उभे राहा. दोन्ही पार्टीचे मतं तुमालेच पडतीन."

म्हातारीनं तोंडाले पदर लावला. आली तवापासून ती पहिल्यानं हसली अन् लगेच तिले त्याचा राग आला. मिस्तरीले विचारलं, "हातोडा चालवशीन?"

"नाई, बाई. लोखंडी पाईप टाकाचे अन् वरून टिनीले इस्क्रू बसवाचे. मशीननं बसतात. हातोड्याचं कामच नाई."

म्हातारीनं मशीनकडं पाह्यलं. "मशीनचं कोनी सांगून नाई ठेवलं," म्हणली. बाज उचलून बाहेर चिंचेखाली गेली. जाता जाता म्हणली, "पन मागच्या पडवीले हात लावला त पाहाजो."

"पडवी मी पाह्यलीच नाई," मिस्तरी म्हणला.

दोन दिवस काम चाललं. लोखंडी पाईप भिंतीवर बसले, त्यावर टिनं चढली. मशीनचा आवाज असा का दाताच्या मुळात लागे. माणसं भेटाले येत, बसत, काई बोलत, अन् मधातच मशीन सुरू होई. मंग ते बोलणं तिथीच राही. एक म्हातारा तिच्याबद्दल काई चांगलं सांगत होता. मशीन बंद झाली तवा तो उठून गेला होता. काय सांगत होता, ते मले समजलं नाई.

मोठं घर झाकलं. आत अंधार कमी झाला का जास्त झाला, ते मले सांगता येत नाई. कवेलूच्या फटीतून उन्हाचे जे ठिपके पडत, ते गेले. सकाळी कोणत्या भिंतीवर ठिपका आला यावरून ती वेळ सांगे. आता भिंत साफ. दुपारी टिन तापली का कडकड वाजे, जशी कोणी वर चालते. एक दिवस वानरं आली. एक मोठं वानर चिंचेवरून टिनीवर उतरलं, पाय भाजले अन् असं उडालं का माया तोंडून निघून गेलं, "अवं, पाह्य ना!" घरात कोणी नव्हतं. बाहेर म्हातारी होती. तिनं ऐकलं का नाई, माहीत नाई.

पुढं टिनं, मागं कवेलू, असं घर झालं. मी बाहेरून आलो का वाटे, दुसऱ्याच्या गावात आलो.

दहाव्या दिवशी नदीवर गेलो. न्हाव्यानं डोकं केलं. पिंड मांडला. सारे मांगं सरकून उभे राह्यले. कावळे होते, झाडावर दोन-चार बसले होते, पण खाली कोणी येत नव्हतं. असं झालं म्हणजे गेलेल्या माणसाची काई इच्छा राह्यली, असं आमच्याकडं समजतात. मंग घरच्यानं शब्द द्याचा असते. हे करू, ते करू. बरोबर शब्द देल्ला का कावळा येते.

पोरानं हात जोडले. "आई, बाबाले एकटं नाई ठेवनार." कावळा नाई आला.

म्हातारी म्हणली, "बाई, तुया नातीले तुया पाटल्या देऊ." कावळा नाई आला.

कोणी म्हणलं, गायीचं बोला. गायीचं बोललं. नाई आला. ऊन चढलं. भिक्षुक घड्याळ पाहाले लागला. लोकं मले म्हणाले, "तुमी बोला ना, भाऊ." मी तोंड उघडलं. पण काय बोलू? तिले काय पाहिजे ते तिनं कधी कावळ्याजवळ ठेवलं नाई. जे पाहिजे ते तोंडावर मांगितलं. मी नुसता कावळ्याकडं पाहत राह्यलो.

तवा पोरगा मोठ्यानं म्हणला, "आई, पडवीले पन टिनं टाकतो, सारं घर तुया मनासारखं करतो!" अन् त्याच वक्ताले म्हातारी त्याच्याहून मोठ्यानं म्हणली, "बाई, तुया चुलीवरचे कवेलू तसेच राहू देतो!"

कावळा आला. सरळ पिंडावर. त्याच्या मागून दुसरा.

सगळे म्हणाले, झालं बाप्पा, मोकळी झाली. नमस्कार केला. पण घराकडं येताना भांडण सुरू.

"माया बोलन्यावर आला," पोरगा म्हणला. "आई साऱ्या जनमभर टिनं टिनं करत गेली."

"माया बोलन्यावर आला. तुया शब्द संपलाच नव्हता. तिनं त्या चुलीपाशी जीव सोडला."

"मावशी, तू मांगून बोलली."

"मी आधी बोलली. अन् आता तू कवेलू काढले, त तो दगा व्हते. मेलेल्या मानसाले देल्लेला शब्द हाय."

"अन् नाई काढले त मायाच शब्द मोडते!"

दोघंही मायाकडं वळले. "बाबा, तुमी त समोर होते." "जवाई, खरं सांगा."

मी खरंच सांगितलं. "मी कावळा पाहून राह्यलो होतो. कोन काय बोललं, ते मी ऐकलंच नाई."

दोघांनी तोंड फिरवलं. पण मायं तिथून सुरू झालं. दोन शब्द उलटे देल्ले, अन् कावळा एकदा आला. मंग ती कोणत्या शब्दावर गेली? एक शब्द पाळला का दुसरा मोडते. मोडला त ती वापस येते काय? का अर्धी गेली अन् अर्धी त्या वळचणीलेच राह्यली? हे मी कोणाले विचारू? असं काई डोक्यात आलं का मी तिलेच विचारत होतो. ती म्हणे, "काईतरीच तुमचं. जेवा." मंग ते डोक्यातून निघून जाई. आता निघत नव्हतं. मिस्तरी पडवीसाठी फोन करत होता, पोरगा मायाकडं पाहे, म्हातारी मायाकडं पाहे. मी चुकीचं हो म्हणलं, त तिचं काय होईन?

संध्याकाळी आंगणात जाऊन बसलो. कवेलूची थप्पी तिथीच होती, जशी तिनं लावली तशी. दहा दिवस तिच्या बाजूनं गेलो-आलो, पण पाह्यली नव्हती. तिनं मोठे मोठ्यांत लावले होते, छोटे छोट्यांत. भिंतीसारखी सरळ. फक्त एका कोपऱ्यात थप्पी अर्धीच होती. बाकीची कमरेयेवढी, अन् तो कोपरा गुडघ्यायेवढा. मी म्हणलं, ही बाई असं अर्धं काऊन ठेवन? तिनं आयुष्यात सरपणाचा भारा पण वाकडा रचला नाई. मंग समजलं. ती जागा पडवीच्या कवेलूची होती. दुसऱ्या दिवशी काढाचे होते ना. उद्या सकाळी काढू, म्हणली होती. भात मांडाचा होता म्हणून राह्यले होते ते.

आमी त्या कवेलूवर येवढं भांडलो, अन् मले ते एक बोलणं आठवलं नाई.

कावळा कोणाच्या शब्दावर आला, ते मले तरीही नाई समजलं. अजून नाई समजत.

सकाळी शिडी लावली. पोरगा झोपून होता. वर चढलो, पहिला कवेलू काढला, अन् सवयीनं वाकून खाली धरला. खाली कोणी नव्हतं. तसाच हात खाली ठेवून थोडा वेळ बसलो, कारण आता काय कराचं ते सुचत नव्हतं. मंग कवेलू बगलेत धरून उतरलो, त्या कोपऱ्यात ठेवला, वापस चढलो. दुसरा काढला, उतरलो. गुडघे बोलाले लागले.

म्हातारी तोंड धुवाले बाहेर आली अन् तिनं पाह्यलं.

"जवाई! काय करून राह्यले? शब्द देल्ला होता मी!"

"शब्द तुमी देल्ला, बाई. आमचं काम बाकी होतं."

"कोनाचं काम?"

"तिचं अन् मायं. उद्या सकाळी काढू म्हनली होती. तिनं थप्पीत जागा ठेवली. जाऊन पाहा."

म्हातारी थप्पीजवळ गेली. पुष्कळ वेळ पाहत राह्यली. हातानं कोपरा चाचपला. मले वाटलं, आता शिव्या देते. ती पडवीखाली आली, पदर कमरेले खोसला अन् हात वर केले.

"आना इकडं. चढ-उतर करून तुमी पन मरान, त माया मांगं आनखी दहा दिवस लागतीन."

मी कवेलू वाकून तिच्या हातात देल्ला. ती घेऊन चालली.

मी म्हणलं, "पुसून ठेवा, बाई."

"फेकाचा कवेलू पुसू? काऊन?"

"ती पुसत होती."

"पन काऊन पुसत होती?"

"माहीत नाई."

तिनं मायाकडं पाह्यलं, कवेलूकडं पाह्यलं. मंग कमरेचा पदर सोडवला अन् पुसून ठेवला.